पुसलेले आणि उरलेले

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघर छायाचित्रे निघतात. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, नातवंडे नवे कपडे घालून ओट्यावर उभी राहतात, आणि पुढल्या दिवाळीला कोण असेल, कोण नसेल या विचाराने घरातल्या वडीलधाऱ्यांना मुद्दाम मधोमध बसविले जाते. हल्ली ही सारी चित्रे पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कार्डावर साठतात. मग एखाद्या दिवशी ते कार्ड उघडतच नाही. फाइल बिघडली आहे, कार्ड ‘फॉर्मॅट’ करावे काय, एवढाच प्रश्न पडद्यावर येतो. अशा वेळी काय करावे, आणि विशेषतः काय करू नये, याचा धडा इतिहासात आहे. तो शोधायला आम्हां केदारखेडेकरांना फार लांब जावे लागत नाही. भोकरदन, सिल्लोड मागे टाकले की अजिंठा येतो.

28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ हा मद्रासच्या घोडदळातील अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचला आणि लेणी इंग्रजांना ठाऊक झाली. हौसेच्या भरात त्याने दहाव्या लेण्यात रंगविलेल्या आकृतीवरच आपले नाव आणि तारीख कोरली. मूळ चित्रावर नवा मजकूर लिहिला की खालचे कायमचे जाते, याचा हा पहिला दाखला.

पुढे 1844 साली कंपनी सरकारने रॉबर्ट गिल यास चित्रांच्या नकला करण्याचे काम दिले. त्याने कितीतरी वर्षे त्या दरीत काढली. नकला लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या, आणि डिसेंबर 1866 च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा केले. त्या नकलांपैकीही बऱ्याच 1885 मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. मात्र गिलने काढलेली छायाचित्रे 1864 साली पुस्तकरूपाने निघाली होती, आणि ग्रिफिथ्स यांचेही दोन मोठे खंड 1896–97 मध्ये छापले गेले. एका छपराखाली ठेवलेले जळाले. अनेक घरांत विखुरलेले वाचले.

तिसरा प्रसंग अधिक बोलका आहे. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन जाणकार बोलाविले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला, हे त्यांचे मोठेच उपकार. परंतु चित्रांवर लाखेचे रोगण चढविले गेले आणि काळाबरोबर ते पिवळे, काळपट होत गेले. रंग गेले, असे पाहणाऱ्याला वाटे. रंग गेले नव्हते. ते झाकले गेले होते. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी अतिशय सावधपणे तो थर उतरविला, तेव्हा खालचे रंग पुन्हा डोळ्यांस दिसले.

आता कार्डाकडे वळू. ‘रॉ’ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडलेल्या उजेडाची जवळजवळ कच्ची नोंद. साध्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या 256 छटा मावतात; चौदा बिटांच्या रॉ नोंदीत 16,384. म्हणून जाणकार छायाचित्रकार तीच जपतात. पुस्तकाला असते तशी कार्डालाही अनुक्रमणिका असते. चित्र ‘पुसले’, किंवा कॅमेऱ्याने कार्ड झटपट ‘फॉर्मॅट’ केले, की बहुधा अनुक्रमणिकाच कोरी होते. पाने तशीच राहतात. त्यांवर नवी चित्रे लिहिली गेली, की मात्र खेळ संपला.

म्हणून पहिले पथ्य असे, की कार्ड ताबडतोब बाहेर काढावे आणि त्यावर एकही नवे चित्र घेऊ नये. दुसरे असे, की संगणकावर आधी संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी नक्कल उतरवून घ्यावी, आणि सारे प्रयोग त्या नकलेवर करावे. मूळ कार्डावर रोगण चढवू नये! मग ‘फोटोरेक’सारखा कार्यक्रम कामाला लावावा. तो अनुक्रमणिकेच्या नादी न लागता पानामागून पान वाचतो आणि फाइलीची सुरुवात ओळखतो. आपल्या पत्राच्या माथ्यावर जसे ‘श्री’, तशा बऱ्याच रॉ फाइलींच्या आरंभी ‘आय आय’ किंवा ‘एम एम’ ही अक्षरे आणि 42 हा आकडा असतो. तेवढ्या खुणेवरून हरवलेले चित्र सापडते.

फाइल सापडली पण मधेच बिघडलेली असली, तर चित्राचा वरचा भाग स्वच्छ आणि खाली रंगीत पट्टे असा प्रकार दिसतो. पुष्कळ कॅमेरे पुढचा आकडा मागच्या आकड्याच्या आधाराने लिहितात. एक दुवा तुटला की पुढची साखळी विस्कटते. तरीही निराश होऊ नये. बहुतेक रॉ फाइलींच्या पोटात कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखविण्यासाठी एक लहान जेपेग चित्र दडलेले असते, आणि पुष्कळदा ते शाबूत निघते. मूळ भिंत पडली तरी गिलची नक्कल हाती लागावी, तसे ते.

जे खरोखर पुसले गेले, ते कोणतीही विद्या परत आणीत नाही. परंतु पुसले गेले असे वाटते त्यातले पुष्कळसे नुसते झाकलेले असते, आणि घाईने केलेली दुरुस्तीच त्याचा घात करते. तेव्हा यंदा चित्रे काढाल, वाचकहो, ती कार्डावरून उतरवून एक प्रत घरी ठेवा, आणि दुसरी भाऊबीजेला आलेल्या बहिणीबरोबर तिच्या गावी पाठवा.