रुळलेल्या वाटेचा धोका

संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांचा रुळलेली वाट न सोडण्याचा उपदेश करणारा फटका मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. वहिवाटीवर विश्वास ठेवावा, हे त्यामागचे व्यवहारज्ञान. आजच्या संगणकाचा प्रोसेसर नेमके हेच करतो, आणि त्याच्या सुरक्षिततेच्या इतिहासातील एक मोठे संकट त्यातूनच उद्भवले.

'अमुक अट पूर्ण झाली तर इकडे, नाहीतर तिकडे' असा फाटा आला, की निकाल लागेपर्यंत प्रोसेसरला खोळंबावे लागे. हा वेळ वाचवण्यासाठी अभियंत्यांनी तोडगा काढला. यापूर्वी बहुधा कोणती वाट धरली होती ते पाहून तीच धरायची. अंदाज चुकलाच, तर झालेले काम रद्द करून मागे फिरायचे. इंटेलच्या १९९५ मधील 'पेंटियम प्रो'त हे तंत्र आले आणि पुढे घरोघरच्या संगणकांत रुजले.

जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' हे दोष जाहीर झाले, तेव्हा या वेगाची किंमत कळली. रद्द केलेल्या कामाच्या खुणा 'कॅश' या जलद स्मृतीत मागे उरतात. कोणती माहिती किती वेळात हाती येते, एवढे मोजून गुपित ओळखता येते. जुन्या हस्तलिखितातील खोडलेला शब्द शाईच्या डागावरून वाचणाऱ्या अभ्यासकाला हे नवीन वाटू नये. स्पेक्टरमध्ये तर हल्लेखोर खोटी वहिवाटच पाडतो: एकाच दिशेची सवय लावून प्रोसेसरला नको त्या वाटेवर नेतो.

प्रोसेसरच्या शेजारी फर्मवेअर असते, म्हणजे यंत्राला जागे करणारी, चिपमध्येच कोरलेली आज्ञावली. 'सीआयएच' विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी असंख्य संगणकांतील हा मूळ मजकूरच पुसला; ती यंत्रे सुरूच होईनात. पायाच डळमळला, तर वरच्या मजल्यावरील पहारेकऱ्याचा काय उपयोग?

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. अमेरिकेने हवा तितका सामर्थ्यवान महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्याची रचना आपली होती. मात्र आतील 'ट्रान्सप्यूटर' चिप ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या होत्या. पुढे २०१९ मध्ये आयआयटी मुंबईने 'अजित' हा प्रोसेसर सादर केला. तो मोहालीच्या प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटर तंत्राने घडवला गेला. वेगाच्या शर्यतीत तो मागे असेल. पण त्याचा आराखडा घडवणारे आपल्यातच आहेत, त्यांना प्रश्न विचारता येतात. स्वदेशी म्हणजे निर्दोष, असे मात्र नव्हे. स्पेक्टरचा दोष कोणा शत्रूने पेरला नव्हता, तो उत्तम अभियंत्यांच्या प्रामाणिक घाईतून आला होता.

आज संगमनेरच्या शेतकऱ्याचा सातबारा आणि पतसंस्थेतील ठेव या दोहोंची नोंद अशाच चिपांवर विसंबून आहे. त्याने वहिवाट सोडावी, असे कोणी म्हणणार नाही; त्याला दुसरी वाटच उरलेली नाही. म्हणूनच ती वाट कोणी आखली आणि तिची तपासणी कोण करतो, हे विचारण्याची जबाबदारी आता वाटसरूपेक्षा समाजाची अधिक आहे.