मौलाअलीचा डोंगर आणि सुन्नी निजाम

सिकंदराबादहून काझीपेठकडे जाताना मौलाअली स्टेशन लागतं आणि खिडकीतून तो उघडाबोडका खडक दिसतो. एकदा पायऱ्या चढून वर गेलो, तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. दर्गा कुतुबशाहीतला, हजरत अलींच्या नावाचा, शिया श्रद्धेचा. मग सुन्नी निजामांनी तो इतका का जपला?

कथा अशी सांगतात. 1578 साली इब्राहीम कुतुबशहाच्या पदरी असलेल्या याकूत नावाच्या खोजाला स्वप्न पडलं. हिरव्या वस्त्रातला माणूस त्याला डोंगरावर घेऊन गेला. तिथे अली बसले होते, हात दगडावर टेकलेला. जाग आल्यावर तो तिथे गेला, तर दगडावर पंजाची खूण! ती कोरून काढून कमानीत बसवली. तिथी रज्जबची 17, उरुसाची.

कुतुबशहांच्या खुतब्यात बारा इमामांची आणि इराणच्या शहाचीही नावं असत. 1636 मध्ये शहाजहानने अब्दुल्ला कुतुबशहाला ती गाळायला लावली. खुतबा हुकमाने बदलला, डोंगरावरची वर्दळ मात्र हुकमाने थांबणारी नव्हती. 1687 ला गोवळकोंडा पडला, कुतुबशाही संपली, तरी पंजा तिथेच राहिला.

पहिला निजाम 1724 मध्ये साखरखेर्ड्याची (हो, आपल्या बुलढाण्यातलं) लढाई जिंकून दख्खनचा धनी झाला, पण कागदोपत्री तो मुघलांचा सुभेदारच. पुढे 1857 पर्यंत निजामांच्या नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचंच नाव होतं. म्हणजे नाणं दुसऱ्याचं! मग हैदराबादच्या रयतेला 'आमचा राजा' दिसायचा कुठे?

मला वाटतं, याच डोंगरावर. निजाम अलीने राजधानी औरंगाबादहून इथे आणली, तेव्हा शहराच्या जुन्या सवयी आणि मीर आलमसारखे इराणी वंशाचे शिया उमराव त्याला आयतेच मिळाले. उरुसाला तो लवाजम्यासह मौलाअलीला जाई. ओस पडलेला बादशाही आशूरखानाही त्यानेच दुरुस्त करवला. याला नुसतं 'गंगाजमनी' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. श्रद्धा असेलही, पण गादीची गरज त्याहून स्पष्ट दिसते. पाडाव झालेल्या घराण्याची जत्रा पुढे चालवली, की त्या घराण्याचा वारसही होता येतं.

आणि जिथे निजाम, तिथे दरबार. शायरा माहलका बाई चंदाने आईची कबर डोंगराच्या पायथ्याशीच बांधली. 1824 मध्ये तिलाही तिथेच, आईशेजारी पुरलं.