आंक्तिल, पुलिदोर आणि रस्त्याकडेचा प्रेक्षक

१९०३ साली ‘लोतो’ या फ्रेंच वृत्तपत्राने आपला खप वाढवण्यासाठी सुरू केलेली टूर द फ्रान्स ही अनेक टप्प्यांची सायकल शर्यत पहिल्यापासून सार्वजनिक रस्त्यांवर होत आली आहे. तिला तिकीट नसते, बहुतेक मार्गावर कठडे नसतात, आणि घाटाच्या चढावर वेग मंदावलेला स्पर्धक प्रेक्षकाच्या हाताच्या अंतरावरून जातो. त्यामुळे प्रेक्षकांचा राग-लोभ येथे थेट खेळाडूच्या अंगावर येतो. १९०४ मध्येच सेंत-एतियेनजवळच्या चढावर स्थानिक सायकलपटू आंत्वान फोर याच्या पाठीराख्यांनी रात्रीच्या अंधारात आदल्या वर्षीचा विजेता मोरिस गारँ याच्यावर हल्ला केला आणि जमाव पांगवण्यासाठी पिस्तुले झाडावी लागली. तो राग गावाच्या अभिमानाचा होता. सतत जिंकतो म्हणून एखाद्याला नापसंत करण्याची वृत्ती ठळकपणे दिसली ती जाक आंक्तिलच्या काळात.

आंक्तिलने १९५७ मध्ये आणि पुढे १९६१ ते १९६४ अशी सलग चार वर्षे टूर जिंकली. पाच वेळा जिंकणारा तो पहिलाच. त्याचे खरे बळ टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या टप्प्यात होते. तेथे मिळवलेली आघाडी तो डोंगरात हिशेबाने, गरजेपेक्षा जास्त शक्ती न खर्चता राखत असे. १९६१ मध्ये तर त्याने एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी पहिल्याच दिवशी मिळवली आणि ती पॅरिसपर्यंत टिकवली. कौशल्य म्हणून हे असामान्य होते. पण तासन्‌तास रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या माणसाला निकाल आधीच ठरल्यासारखा वाटे, आणि नाराजीचे मूळ येथे होते.

या नाराजीला आधीच्या एका प्रसंगाचीही जोड होती. १९५९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातील आंक्तिल आणि रोजे रिव्हिएर यांनी प्रादेशिक संघातील फ्रेंच सायकलपटू आंरी आंग्लाद जिंकू नये म्हणून स्पेनच्या फेदेरिको बाहामोन्तेसला मोकळे सोडले, असा समज पसरला. टूरनंतर गावोगावी होणाऱ्या छोट्या शर्यतींत मानधनावर बोलावले जाण्यात सायकलपटूंची मोठी कमाई असे आणि नवा फ्रेंच विजेता त्या कमाईत वाटेकरी ठरला असता. पॅरिसच्या पार्क दे प्रँस मैदानात आंक्तिलवर शिट्ट्यांचा वर्षाव झाला. पुढे त्याने आपल्या बोटीला त्याच शिट्ट्यांचे आणि त्या वर्षाचे नाव दिले.

लोकांचे प्रेम मिळाले ते रेमों पुलिदोरला. १४ टूरमध्ये तो तीनदा दुसरा आणि पाचदा तिसरा आला, मात्र पिवळी जर्सी त्याला एक दिवसही मिळाली नाही. १९६४ मध्ये मोनाकोच्या मैदानात एक फेरी उरलेली असताना त्याने शर्यत संपली असे समजून जोर लावला, आणि टप्पा जिंकणाऱ्याला मिळणारी एक मिनिटाची सूट आंक्तिलकडे गेली. पुढे १२ जुलैला प्युई द दोम या मृत ज्वालामुखीच्या चढावर दोघे खांद्याला खांदा लावून चढले. आंक्तिल थकला होता, पण मागे राहिल्यास ते उघड होईल म्हणून तो बाजूलाच राहिला, आणि पुलिदोरने निर्णायक जोर लावला तो अगदी शेवटी. त्याने ४२ सेकंद कमावले. पिवळी जर्सी मात्र १४ सेकंदांनी आंक्तिलकडेच राहिली. पॅरिसमध्ये एकूण अंतर ५५ सेकंदांचे होते, म्हणजे मोनाकोत गमावलेल्या मिनिटाहूनही कमी.

पुलिदोर हा मातीतला शेतकरी आणि आंक्तिल हा नव्या, यांत्रिक फ्रान्सचा प्रतिनिधी, अशी मांडणी पुष्कळदा केली जाते. ती अपुरी आहे. आंक्तिलचे वडील नॉर्मंडीत स्ट्रॉबेरी पिकवत, तर मिलान-सान रेमो आणि स्पेनची व्हुएल्ता जिंकणारा पुलिदोर काही नुसता हरणारा नव्हता. फरक कुळाचा नव्हता. एकाचे कष्ट लोकांना दिसत आणि दुसरा ते लपवत असे, एवढाच होता.

आक्रमकपणे जिंकणाऱ्यालाही हा रोष चुकला नाही, हे बेल्जियमच्या एडी मर्क्सवरून दिसते. १९६९ ते १९७४ दरम्यान पाच टूर जिंकताना तो लहानसहान टप्पेही इतरांना सोडत नसे. ११ जुलै १९७५ रोजी त्याच प्युई द दोमवर, शिखर जवळ आलेले असताना, गर्दीतील एका प्रेक्षकाने त्याच्या पोटात ठोसा मारला. दोन दिवसांनी प्रा-लूच्या चढावर त्याने पिवळी जर्सी फ्रान्सच्या बेर्नार तेवनेकडे गमावली, पुढे पडून त्याच्या गालाचे हाड मोडले, तरी त्याने शर्यत सोडली नाही आणि तो २ मिनिटे ४७ सेकंदांच्या फरकाने दुसरा आला. पाच विजयांनी न मिळालेली फ्रेंच प्रेक्षकांची सहानुभूती त्याला या पराभवाने मिळवून दिली. न्यायालयाने त्या प्रेक्षकाला प्रतीकात्मक एक फ्रँक भरपाई द्यायला लावली. मर्क्सने मात्र त्यानंतर टूर पुन्हा कधीच जिंकली नाही.