बळकट केंद्राला विरोध, संविधान सभेतील

बळकट केंद्राला विरोध, संविधान सभेतील : भारताच्या संविधान सभेत (१९४६–५०) आणि तिच्याबाहेर, सत्ता दिल्लीत एकवटू नये म्हणून मांडल्या गेलेल्या निरनिराळ्या भूमिका. या विरोधाचा एक पक्ष नव्हता, एक नेता नव्हता आणि एक कारणही नव्हते. प्रांतांची स्वायत्तता, नागरिकांचे स्वातंत्र्य, ग्रामपंचायती, प्रांतांची तिजोरी आणि भाषावार प्रांतरचना अशा पाच वाटांनी तो आला. पहिल्या चार वाटा बव्हंशी सभागृहात संपल्या. पाचवी मुंबईच्या रस्त्यांवर आली आणि १९६० पर्यंत तिने दम सोडला नाही.

अमेरिकेत १७८७ च्या राज्यघटनेला पॅट्रिक हेन्री, जॉर्ज मेसन यांच्यासारख्यांनी राज्याराज्यांच्या मान्यता-परिषदांत कडवा विरोध केला. त्या दडपणामुळे १७९१ मध्ये मूलभूत हक्कांची दुरुस्ती झाली. भारतात संविधान प्रांतांच्या मान्यतेसाठी पाठवायचे नव्हते. संविधान सभेचा निर्णय अंतिम होता आणि त्या सभेत काँग्रेसचे बहुमत होते. त्यामुळे येथील विरोधकांना दुरुस्त्या सुचवणे, भाषणे करणे आणि मतदानात हरणे एवढाच मार्ग होता. त्यांच्या पराभवाचा इतिहास म्हणूनच सभेच्या इतिवृत्तात शोधावा लागतो.

सुरुवात मात्र दुबळ्या केंद्रापासून झाली होती. ब्रिटिश मंत्र्यांच्या कॅबिनेट मिशनच्या १६ मे १९४६ च्या योजनेत केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय होते, बाकी सारे प्रांतांकडे. पंडित नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावातही शेषाधिकार (वाटून न दिलेल्या विषयांवरचे अधिकार) स्वायत्त घटकांकडे राहतील असे म्हटले होते. मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी सभेत येईपर्यंत हा ठराव पुढे ढकलावा, अशी दुरुस्ती मुंबईचे कायदेपंडित मुकुंदराव जयकर यांनी मांडली. १७ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जयकरांच्या बाजूने बोलताना, आपल्याला १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील केंद्रापेक्षाही बळकट केंद्र हवे आहे, असे स्पष्ट सांगितले. त्या वेळी सभेत असे बोलणारे थोडे होते. ३ जून १९४७ ला फाळणीची योजना जाहीर झाली आणि चित्र पालटले. लीगला सांभाळण्यासाठी केंद्र दुबळे ठेवण्याची गरजच उरली नाही. संविधान सभेच्या केंद्राधिकार समितीने ५ जुलै १९४७ च्या दुसऱ्या अहवालात बळकट केंद्र असलेल्या संघराज्याची शिफारस केली. शेवटी केंद्रसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ विषय आले, शेषाधिकार केंद्राकडे गेले. सात महिन्यांत इतके मोठे वळण घेतले गेले, त्यामागे फाळणीचा धक्का होता. प्रांतांची बाजू तपासून, तोलून ती नाकारली गेली असे म्हणता येत नाही.

सभेतील सर्वांत धारदार विरोध आणीबाणीच्या तरतुदींना झाला. मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले हरि विष्णू कामत हे सनदी नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले आणि फॉरवर्ड ब्लॉकचे कार्यकर्ते होते. जर्मनीतील वायमार राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाचा दाखला देऊन, अशाच अधिकारांच्या वाटेने लोकशाही संपते, असे त्यांनी बजावले. ऑगस्ट १९४९ मध्ये मूलभूत हक्कांची अंमलबजावणी स्थगित करण्याची तरतूद संमत झाली, तेव्हा त्यांनी तो दिवस लाजेचा आणि दुःखाचा ठरवला. प्रांतांचा कारभार केंद्राने हाती घेण्याच्या तरतुदीवर (सध्याचा अनुच्छेद ३५६) पंडित हृदयनाथ कुंझरू यांनीही आक्षेप घेतला. कुंझरू उत्तर प्रदेशाचे आणि गोखल्यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे अध्यक्ष होते. डॉ. आंबेडकरांनी या तरतुदी कधी वापरल्याच जाणार नाहीत, त्या कागदावरच राहतील, अशी आशा व्यक्त केली. ती फळली नाही. महाराष्ट्रातच १७ फेब्रुवारी १९८० रोजी शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार याच अनुच्छेदाने बरखास्त झाले. कामतांची भीती अवाजवी नव्हती, हे मान्य करावे लागते.

प्राध्यापक खुशाल तलकशी शहा यांची भूमिका निराळी होती. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे आणि १९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीचे सचिव असलेले शहा बिहारमधून निवडून आले होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिल्या अनुच्छेदात 'धर्मनिरपेक्ष, संघीय, समाजवादी' हे शब्द घालावेत अशी त्यांची दुरुस्ती होती. ती फेटाळली गेली. नियोजनाच्या बाबतीत शहा केंद्राचे अधिकार कमी करू इच्छित नव्हते. राज्यांचे अस्तित्व केंद्राच्या मर्जीवर राहू नये एवढाच त्यांचा आग्रह होता. त्यामुळे त्यांना सरसकट केंद्रविरोधकांत बसवणे चूक ठरेल.

गांधीवादी विरोधाचा मुक्काम वर्ध्याला होता. श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ मध्ये ग्रामपंचायतींच्या पायावर उभी राहणारी राज्यव्यवस्था मांडली. मसुद्यात खेड्याला जागाच नाही, अशी तक्रार सभेत अनेकांनी केली आणि २२ नोव्हेंबर १९४८ ला मद्रासचे सदस्य के. संतानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींचा अनुच्छेद (४०) मार्गदर्शक तत्त्वांत आला. हक्क म्हणून नव्हे, केवळ निर्देश म्हणून.

या मागणीला सर्वांत खंबीर विरोध डॉ. आंबेडकरांचा होता आणि तो समजून घ्यायचा तर परळकडे पाहावे लागते. १९१२ पासून सुमारे दोन दशके ते परळच्या पोयबावडीतील बीआयटी चाळीत राहिले, परळच्या दामोदर हॉलमधून त्यांनी संघटनेचे काम चालवले आणि नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले. ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना, अस्पृश्यांना संरक्षण नसेल तर पंचायतीचे अधिकार म्हणजे गावातील बड्यांचेच अधिकार, हे त्यांनी दाखवले. प्रांतिक सत्तेचा अनुभवही कामगारांना सुखाचा नव्हता. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून संप केला, तेव्हा गिरणगाव थांबले होते. दलित आणि गिरणी कामगार यांना जवळची सत्ता आपली वाटत नव्हती. कारण ती त्यांच्यावर रोज चालत होती. गावाच्या आणि प्रांताच्या जाचातून सुटका करू शकेल असे केंद्र त्यांना हवे होते. बळकट केंद्राच्या बाजूचा हा युक्तिवाद फाळणीच्या युक्तिवादापेक्षा जुना आणि अधिक पक्का आहे, पण इतिहासलेखनात त्याला कमी जागा मिळते.

तरीही आंबेडकरांचे केंद्र अमर्याद नव्हते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी, राज्ये कायदे करण्यासाठी किंवा कारभारासाठी केंद्रावर अवलंबून नाहीत, अधिकारांची वाटणी संविधानानेच केली आहे, असे प्रतिपादन केले आणि अतिकेंद्रीकरणाचा आरोप नाकारला. ते सभेत मुंबईचे प्रतिनिधी म्हणून बोलत होते. फाळणीत बंगालमधील जागा गेल्यावर, जुलै १९४७ मध्ये जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबई प्रांतातून त्यांची निवड झाली होती.

तिजोरीचा प्रश्न मुंबईला विशेष टोचणारा होता. निमेयर निवाड्याने (१९३६) प्राप्तिकरातील प्रांतांच्या वाट्यापैकी २० टक्के मुंबईला दिले होते. कर आमच्याकडे गोळा होतो, तेव्हा वाटपात त्याचे वजन असावे, ही मुंबईची मागणी होती. लोकसंख्येवर वाटप मागणाऱ्या प्रांतांना ती मान्य होणे शक्य नव्हते. १९५० च्या चिंतामणराव देशमुख निवाड्यात मुंबईचा वाटा २१ टक्के ठरला. मोठ्या करांची सूत्रे केंद्राच्या हाती राहिल्याने प्रांतांना दिल्लीच्या दारात हात पसरावा लागेल, हा इशारा संतानम यांनी सभेत दिला होता. पुढील दशकांत राज्यांची हीच तक्रार सर्वाधिक काळ टिकली.

मुंबईच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाद तिसऱ्या अनुच्छेदावरचा. राज्ये निर्माण करणे, जोडणे, तोडणे आणि त्यांच्या सीमा बदलणे हा अधिकार संसदेला देणारा हा अनुच्छेद. मूळ मसुद्यात, ज्या प्रदेशाला वेगळे व्हायचे आहे त्याच्या विधिमंडळातील बहुसंख्य प्रतिनिधींची मागणी किंवा संबंधित विधिमंडळाचा ठराव, यांपैकी एक आवश्यक होते. आंबेडकरांच्या दुरुस्तीने ही अट गेली. प्रांतांच्या बाबतीत राष्ट्रपतींनी विधिमंडळाचे मत घेणे एवढेच उरले. नोव्हेंबर १९४८ मध्ये शहांनी, असा प्रस्ताव संबंधित राज्याच्या विधिमंडळातूनच निघावा, अशी दुरुस्ती मांडली. संतानम यांनी तिला दिलेले उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे. मद्रास प्रांतात वेगळ्या आंध्र प्रांताची मागणी करणारे अल्पसंख्य आहेत. मद्रासच्या विधिमंडळाने ठराव फेटाळला तर त्यांची वाट कायमची बंद होईल, असे ते म्हणाले. शहांची दुरुस्ती पडली. राज्यांच्या हक्कासाठी मागितलेली ती अट भाषावार राज्ये मागणाऱ्यांच्याच मुळावर आली असती. अनेक भाषांच्या जुन्या प्रांतांना तिने संरक्षण दिले असते, भाषिक समाजांना नव्हे. मुंबई प्रांतातही मराठी, गुजराती आणि कन्नड भाषक एकत्र होते.

भाषिक समाजांचा आवाज सभेबाहेर आधीच उमटला होता. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर भाषावार प्रांतिक समित्या नेमल्या, पण मुंबई शहराची समिती महाराष्ट्रापासून वेगळी ठेवली. गंगाधर अधिकारी यांच्या मांडणीवर आधारलेल्या कम्युनिस्ट पक्षाच्या सप्टेंबर १९४२ च्या ठरावाने भारतातील विविध राष्ट्रीय समूहांना स्वयंनिर्णयाचा हक्क मानला आणि त्यांत महाराष्ट्रीयांची गणना केली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी १९४५ मध्ये 'फेडरेटिंग इंडिया' या पुस्तकात संघराज्याच्या प्रश्नाची चिकित्सा केली. मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि त्याच वर्षी शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली. ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला कराराने विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत असलेला एक प्रांत कल्पिला. म्हणजे प्रांताच्या पोटातही अधिकारांची वाटणी करण्याचा तो प्रयत्न होता.

दिल्लीचा कौल उलटा पडला. संविधान सभेच्या अध्यक्षांनी भाषावार प्रांतरचनेच्या प्रश्नासाठी नेमलेल्या दार आयोगापुढे आंबेडकरांनी १९४८ मध्ये निवेदन देऊन मुंबईसह महाराष्ट्राचा दावा मांडला. मात्र प्रांताची राजभाषा केंद्राचीच असावी, नाही तर भाषिक प्रांत उद्या राष्ट्रे बनतील, ही अट त्यांनी घातली. डिसेंबर १९४८ मध्ये आयोगाने भाषावार प्रांतरचनाच अमान्य केली. नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीने एप्रिल १९४९ च्या अहवालात मुंबई शहर महाराष्ट्रात जाऊ नये, असे सुचवले. संविधान १९५० मध्ये अमलात आले, तेव्हा मुंबईचा प्रश्न सुटलेला नव्हता आणि तो सोडवण्याचा सारा अधिकार संसदेकडे होता.

तो अधिकार १९५५–५६ मध्ये चालवला गेला. पाचव्या घटनादुरुस्तीने (१९५५) विधिमंडळाने मत देण्याला मुदत घालण्याची सोय केली. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला आणि गिरगावपासून लालबाग-परळपर्यंत लोक रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात अनेक बळी गेले. नोव्हेंबर १९५५ पासूनच्या आंदोलनातील हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. मुंबईविषयीच्या निर्णयाच्या निषेधार्थ चिंतामणराव देशमुख यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे एकत्र आले आणि दादरचे शिवाजी पार्क हे तिच्या सभांचे मैदान झाले. आंबेडकरांचे मतही या काळात बदलले होते. १९५५ च्या पुस्तकात त्यांनी मराठी प्रदेशाची चार राज्ये करून मुंबई हे एक स्वतंत्र नगरराज्य करावे, असे सुचवले.

राज्य पुनर्रचना विधेयकात आधी महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते. संसदेने ते बदलून १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य केले. बदललेल्या प्रस्तावावर विधिमंडळाचे मत घेतलेच नाही, या मुद्द्यावर बाबुलाल पराते यांनी दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये, मत एकदा घेतले की पुरे, संसदेने पुढे केलेल्या प्रत्येक फेरबदलासाठी ते पुन्हा घ्यावे लागत नाही, असा निर्णय दिला. शहांना १९४८ मध्ये ज्याची धास्ती होती, त्यावर न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले. मुंबई पुनर्रचना अधिनियमाने १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेही याच तिसऱ्या अनुच्छेदाखाली. बेळगाव, निपाणी, कारवारचा मराठी भाग मात्र कर्नाटकात राहिला आणि त्यासाठी महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.