मल्लांचे वजननियमन

मल्लांचे वजननियमन : कुस्तीगिराने लढतीच्या प्रकारानुसार आपले वजन वाढविणे, राखणे किंवा उतरविणे. महाराष्ट्रात या विषयाला दोन परस्परविरोधी वळणे मिळाली. मातीच्या मैदानात वजन कमाविले जाई. गादीवर मात्र मल्लाला आधी तराजूवर उतरावे लागते.

जत्रेतील मैदानात जोड लावताना वस्ताद काट्यापेक्षा नजरेवर विसंबत. मोठ्या इनामाची कुस्ती बहुधा धिप्पाड मल्लांच्या वाट्याला येई. राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापुरात मल्लविद्येचा उत्कर्ष झाला व १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण हा खुराक जोर, बैठका व हौद्यातील लढती यांच्या जोरावर पचत असे. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, राजाश्रय आटला आणि खुराकाचा भार मुख्यतः मल्लाच्या कुटुंबावर पडला. त्याहून मोठी अडचण निवृत्तीनंतरची होती. मेहनत सुटते, पण खुराकाची सवय सहज सुटत नाही. कमाविलेले वजन मग मेदरूपाने वाढते आणि मधुमेह, रक्तदाब व गुडघेदुखी यांना वाट करून देते. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील बचावफळीचे खेळाडूही वजनगटांच्या अभावी असाच भार मुद्दाम वाढवितात. त्यांच्यापुढेही खेळ संपल्यावर हाच प्रश्न उभा राहतो.

वजनगटांनी लहान चणीच्या मल्लाला न्याय दिला. कराडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किग्रॅ. गटात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ५७ किग्रॅ. गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. वजनगट नसते, तर एवढ्या वजनाच्या मल्लाला जागतिक आखाड्यात स्थान मिळणे अवघड होते.

तरीही राज्यातील सर्वोच्च मान खुल्या गटाकडेच राहिला. १९६१ पासून दिला जाणारा ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब सर्वांत वजनदार गटाचा आहे. नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे तो जिंकला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मात्र ते ७४ किग्रॅ. गटात लढले. एकाच देहाकडून अशा दोन मागण्या होतात. राहुल आवारे यांनी २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्णपदक ५७ किग्रॅ. गटात, तर २०१९ मध्ये जागतिक कांस्यपदक ६१ किग्रॅ. गटात मिळविले, पण हा दुसरा गट ऑलिंपिकमध्ये नाही.

अल्पावधीत उतरविलेले वजन बव्हंशी पाण्याचे असते. स्नायूंतील शर्करासाठ्याबरोबर त्याने धरून ठेवलेले पाणीही जाते. शरीरभाराच्या दोन टक्क्यांहून अधिक पाणी घटल्यास दमश्वास खालावू लागतो. पुढे शरीराचे तापमान, मूत्रपिंडे व हृदय यांना धोका पोहोचतो. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरविताना दगावले. त्यानंतर तेथे बाष्पस्नान व रबरी पोषाख यांवर बंदी आली आणि मूत्रपरीक्षा व शरीरातील मेदाचे प्रमाण यांवरून किमान वजन ठरविण्याची पद्धत सुरू झाली. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१८ पासून स्पर्धेच्या प्रत्येक दिवशी सकाळी वजन घेण्याचा नियम केला. आदल्या संध्याकाळी वजन देऊन रात्रभरात शरीर भरून काढण्याची वाट त्यामुळे बंद झाली. नियमाचा हेतू योग्य असला, तरी त्याची कठोरता २०२४ मध्ये पॅरिस येथे दिसली : अंतिम फेरी गाठलेल्या विनेश फोगट १०० ग्रॅ. अधिक भरल्याने अपात्र ठरल्या.

चिंचवड–भोसरी परिसर आज कारखान्यांनी वेढलेला असला, तरी जुन्या गावठाणांतील उत्सवांत मातीची कुस्ती टिकून आहे आणि गादीवरील प्रशिक्षणही मिळते. तेथील मुलाला मैदानासाठी ‘अंगाने भर’ आणि शालेय स्पर्धेसाठी ‘गटात बस’ असे दोन्ही सल्ले ऐकावे लागतात. वाढीच्या वयात दुसरा सल्ला अधिक घातक होय. अशा मुलाला उपाशी ठेवण्यापेक्षा वरच्या गटात खेळविणे श्रेयस्कर. सरावापूर्वी व सरावानंतर वजन घेऊन घटलेले पाणी भरून काढणे, एवढी दक्षता साध्या तालमीतही घेता येते.