कासरा तुटल्यावर

श्रोतेहो, बैलबंडी भर उतारावर असताना कासरा तुटला तर काय होते, हे मी तुम्हांला सांगायला नको. बैल आहेत, बंडी आहे, धुरकरीही शुद्धीवर आहे. फक्त त्याच्या हाताचे म्हणणे बैलांपर्यंत पोचत नाही. विमानावरही असा प्रसंग येतो. तो उतरण्याच्या वेळी आला, तर सावरायला उंची नसते आणि वेळही नसतो.

१९४९ साली आपल्या नागपुरात रात्रीची विमान-टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने रात्री सोनेगावला जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. ती डाकोटा जातीची विमाने. त्यांचा कासरा म्हणजे पोलादी तार. वैमानिकाने समोरचे चाक ओढले की तार ओढली जाई आणि शेपटाची फळी हले.

पुढे जेट विमाने आली. वेग वाढला, तसा वाऱ्याचा रेटाही वाढला. नुसत्या मनगटाने फळ्या हलेनात. तेव्हा नळ्यांतून दाबाखाली तेल खेळवून त्या हलवण्याची सोय झाली. सोय मोठी; पण तेल गेले की हातातले बळही गेले!

त्याची किंमत आपल्या राज्याने पाहिली आहे. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान मुंबईहून मद्रासला निघाले. उड्डाण होताच एका इंजिनातली धातूची चकती फुटली आणि आग लागली. वैमानिक माघारी वळला. धावपट्टी जवळ आली. पण आगीत तेल निघून गेले होते. अगदी शेवटी विमान हाताबाहेर गेले आणि कोसळले. आतले सर्व ९५ जण गेले.

असाच घाला १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका डीसी-१० विमानावर आला. शेपटातल्या इंजिनाची चकती फुटली. तेलाच्या तीन स्वतंत्र व्यवस्था होत्या, पण शेपटात तिन्हींच्या नळ्या एकाच माऱ्यात सापडल्या. उरली पंखांखालची दोन इंजिने. कासरा नसला तरी उजव्या बैलाला हाकारले की बंडी डावीकडे वळते ना? तेच तत्त्व इथे कामी आले. कॅप्टन हेन्स यांनी प्रवाशांत बसलेले फिच नावाचे प्रशिक्षक वैमानिक पुढे येताच इंजिनांचे दांडे त्यांच्या हाती दिले. बिघाडानंतर ४४ मिनिटांनी विमान सू सिटीच्या धावपट्टीवर आदळले. २९६ पैकी ११२ दगावले, १८४ वाचले.

म्हणून मुंबईचे वैमानिक कमी पडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या वाट्याला आग आणि थोडी मिनिटे आली. हेन्स यांना पाऊण तास मिळाला. पण हेन्स यांनी स्वतः श्रेय दिले ते एका शिकवणुकीला. कॅप्टननेच बोलावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, ही जुनी रीत मोडून सर्वांचे ऐकण्याचा सराव त्यांच्या कंपनीने घेतला होता. पुढे त्या जातीच्या विमानांत, नळी तुटली तरी सगळे तेल वाहून जाऊ नये म्हणून झडपही बसवली गेली.

दोन्ही अपघातांचे मूळ मात्र एकच: चकतीतली बारीकशी चीर. संकट आकाशात एकदम दिसले, पण ते आधीपासून वाढत होते, कुणाच्या ध्यानात न येता. गुरुजनहो, वर्गातले एखादे पोर ‘इथे चुकले आहे’ असे म्हणाले, तर त्याला गप्प बसवू नका. चीर वेळेवर दिसणे आणि ती पाहणाऱ्याला बोलू देणे, कासरा शाबूत राहतो तो यामुळेच.