‘मॉब’ : एका तुटलेल्या शब्दाची कथा

मराठींतील गर्दी, जमाव, मेळा आणि झुंड हे चार शब्द शेजारीं शेजारीं ठेवले, तर त्यांपैकीं शेवटच्या शब्दांत ठपका आहे हें कानास तेव्हांच कळतें. इंग्रजींतील ‘मॉब’ हा शब्द याच शेवटच्या जातीचा. तो केवळ माणसांची संख्या सांगत नाहीं. त्यांच्याविषयीं निकालहि देऊन टाकतो. हा निकाल प्रथम कोणीं दिला, हें त्या शब्दाच्या जन्मकथेवरून समजतें.

लॅटिन भाषेंत ‘मोबिले वुल्गुस’ अशी एक शब्दजोडी आहे. ‘मोबिले’ म्हणजे सहज हलणारें, चंचल. ‘वुल्गुस’ म्हणजे सामान्य लोक. वारा फिरेल तिकडे फिरणारे लोक, असा तिचा भाव. इंग्लंडांतील विद्वान् मंडळींच्या तोंडीं असलेल्या या जोडींतील दुसरा शब्द सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत गळाला व ‘मोबिली’ उरलें; पुढें त्याचेंहि शेपूट तुटून नुसतें ‘मॉब’ राहिलें. आजच्या मोबाइल फोनच्या नांवाचें मूळहि हेंच लॅटिन विशेषण आहे. यंत्राच्या ठायीं जो गुण मानला गेला, तोच लोकांच्या ठायीं दोष ठरला होता.

हा शब्द रुळला तो काळ मोठा धामधुमीचा होता. दुसऱ्या चार्ल्स राजाचा भाऊ जेम्स हा कॅथॉलिक. त्याला गादी मिळूं नये म्हणून १६७९ ते १६८१ या वर्षांत तीव्र राजकीय झगडा झाला. जेम्सच्या विरोधकांचा ‘ग्रीन रिबन क्लब’ लंडनच्या चॅन्सरी लेनजवळील ‘किंग्ज हेड’ या खाणावळींत भरत असे. १७ नोव्हेंबरला, म्हणजे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणदिनीं, पोपच्या पुतळ्याची मिरवणूक काढून त्याचें दहन करण्यांत येई. रस्त्यांत हजारों लोक लोटत आणि क्लबांतील सभ्य गृहस्थ सज्जांतून तो सोहळा पाहत. रॉजर नॉर्थ याच्या १७४० सालीं छापल्या गेलेल्या ग्रंथांत, या क्लबाच्या बैठकींतूनच सामान्य लोकांना ‘मॉब’ हें नांव मिळालें, असें सांगितलें आहे. नॉर्थ हा राजपक्षाचा, तेव्हां त्याच्या साक्षींत पक्षाभिमान असणारच. तरीपण ज्यांना त्या लोकांची गरज होती, त्यांनींच त्यांना हें हलकें नांव द्यावें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

भाषाशुद्धीच्या अभिमान्यांना हा तुटका शब्द रुचला नाहीं. जोनाथन स्विफ्ट यानें १७१० सालीं ‘टॅटलर’ पत्रांत अशा तोडक्या शब्दांवर टीका केली, आणि ‘मॉब’ला अडविण्याच्या खटपटींत आपण संख्याबळापुढें हरलों, अशी कबुलीहि दिली. ‘मॉब’चा कैवार घेणारेहि संख्येनेंच जिंकले, ही त्यांतली गंमत. १७५५ सालीं डॉ. जॉन्सनच्या कोशांत त्या शब्दाला जागा मिळाली.

कायद्यानेंहि जमावाची दखल घेतली. १७१५ सालीं अमलांत आलेल्या दंग्याच्या कायद्यानुसार बारा वा अधिक माणसें दांडगाई करीत एकत्र आलीं, तर अधिकाऱ्यानें राजाच्या नांवानें आज्ञा वाचून दाखवावयाची. त्यानंतर तासाभरांत जे पांगणार नाहींत, त्यांना देहान्त शासन सांगितलें होतें.

हें भय सर्वस्वीं पोकळ नव्हतें. कॅथॉलिकांना १७७८ सालीं कांहीं सवलती मिळाल्या होत्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून २ जून १७८० रोजीं लॉर्ड जॉर्ज गॉर्डन प्रचंड समुदाय घेऊन पार्लमेंटावर गेला. पुढील कांहीं दिवसांत कॅथॉलिकांचीं प्रार्थनामंदिरें व घरें लुटलीं गेलीं, न्यूगेटचा तुरुंग जळाला, बँक ऑफ इंग्लंडवर हल्ला झाला. सैन्यानें गोळीबार केला. अडीचशेंहून अधिक माणसें मेलीं. ज्यांचीं घरें जळलीं, त्यांना ‘मॉब’ हा शब्द कठोर वाटला नसेल.

तथापि या लोकांत कोण होते, हें खटल्यांच्या दप्तरांतून शोधण्याचें काम जॉर्ज रूडे या इतिहासकारानें विसाव्या शतकांत केलें. त्याला तेथें मुख्यतः चोर-भामटे आढळले नाहींत. आढळले ते मजूर, कारागीर, उमेदवार, लहान दुकानदार. १९७१ सालीं ई. पी. टॉम्पसन यानें धान्याच्या दंग्यांविषयीं असेंच दाखविलें. अठराव्या शतकांतले कित्येक जमाव महागाईच्या दिवसांत धान्य ताब्यांत घेत, तें वाजवी वाटणाऱ्या भावानें विकीत आणि आलेले पैसे मालकाच्या हातीं देत. हें वागणें चंचल खास नव्हे.

म्हणून ‘मॉब’ हा शब्द वाचतांना तो कोठून उच्चारला गेला आहे, तें पाहावें. सज्जांतून पाहणाऱ्याला डोकीं दिसतात, चेहरे दिसत नाहींत. जमावानें केलेला अन्याय अन्यायच राहतो. पण त्यांतील माणसें कोण होतीं आणि काय मागत होतीं, हें विचारल्यावांचून दिलेला निकाल मात्र इतिहास होत नाहीं.